डोळ्याचा दात

आईच्या खोलीत त्या सकाळी लवंगेचा वास होता. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात लवंगेचा वास यावा, यात नवल काही नाही. चैत्रात मिरच्या कुटायला आल्या की आमच्या चाळीत पाहुणा शिंकत आत येतो आणि घरातली माणसे न शिंकता त्याच्यापुढे पाणी ठेवतात. पण हा वास गल्लीतून आलेला नव्हता. तो ओलसर, कोमट होता, आणि आई बोलायला तोंड उघडायची तेव्हाच येत होता.

"मसाला भाजतेयस का गं?" मी विचारले.

"नाय गो. आता कसला मसाला?"

एवढेच बोलून तिने पदराचे टोक ओठांपाशी नेले आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी चहा ठेवायला उठले. मसाल्याच्या डब्यात लवंगांची वाटी जवळजवळ रिकामी झालेली दिसली. पंधरवड्यापूर्वी आले तेव्हा मीच ती भरली होती. मग मी तिच्या समोर जाऊन बसले आणि लहान मुलाला सांगावे तसे तिला तोंड उघडायला सांगितले. वरच्या डाव्या सुळ्यापाशी, गाल आणि हिरडी यांच्या मध्ये, चघळून पांढुरकी झालेली एक लवंग होती. तिच्याभोवतीची हिरडी पिकल्या करवंदासारखी काळसर लाल झाली होती.

"किती दिवस झाले?"

"दोन."

"आई."

"मग चार म्हण."

दुखण्याला ती कधी घाबरली नाही. पायाला खिळा लागला तर ती हळद दाबून पुढचे काम करत असे. पण हा दात कोणता आहे हे तिला ठाऊक होते, आणि तो दुखतो आहे हे मला कळले तर पुढे काय होईल, याचीच तिला भीती होती. आमच्या घरात वरच्या सुळ्याला डोळ्याचा दात म्हणतात. त्याचे मूळ डोळ्यापर्यंत गेलेले असते आणि तो उपटला की नजरही त्याच्याबरोबर उपटून येते, असे आईच्या गावाकडे सगळे मानतात.

माझी आई मणी ओवते. बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी चाळीतल्या एका बाईकडून ती हे काम शिकली. तेव्हापासून गिरगावातल्या आणि दादरच्या सराफांकडून काळ्या मण्यांच्या पुड्या तिच्याकडे येतात, आणि आठवड्याने त्याच मण्यांच्या दोन पदरी, चार पदरी पोती होऊन परत जातात. सोन्याच्या वाट्या दुकानातच राहतात. त्या तिथला माणूस बसवतो. आईचे काम काळ्या रंगाचे. बाबा गेल्यावर तिने स्वतःच्या गळ्यातले उतरवून ठेवले आणि तेराव्यानंतर दुसऱ्यांचे पुन्हा हातात घेतले. नव्या नवरीची पोत कोण ओवते, हे दुकानात कधी कुणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

ओवताना ती खिडकीच्या चौकटीला गुडघा टेकून बसते. मांडीवर पांढरा पंचा, पंच्यावर मोहरीएवढे मणी. तिचा हात दिसतो, पण त्या हाताची घाई दिसत नाही. एका मण्यावर धाग्याचे टोक टेकते, मणी सरकतो, आणि नखावर नख आपटावे एवढाच आवाज होतो. लहानपणी त्या आवाजाच्या तालावर मी पाठांतर केले. पुढे कॉलेजात मी कविता शिकवू लागले. वर्गात एखादी ओळ वाचताना अजूनही माझा अंगठा तर्जनीवर आपोआप तो ताल धरतो.

सत्तरी उलटली तरी तिला चष्मा नाही. हा तिचा एकमेव गर्व. चाळीतली मुले गॅलरीतून तिची परीक्षा घेतात. "आजी, ती कोपऱ्यावरची बस कितीची?" आई हातातले काम न सोडता नंबर सांगते आणि वर म्हणते, "आणि कंडक्टर झोपलाय."

तिची थोरली बहीण मात्र आंधळी होऊन गेली. मावशीचा डावा सुळा गावाकडच्या तालुक्याच्या डॉक्टराने काढला होता. वर्षाच्या आत तिला अंधुक दिसू लागले, आणि पुढच्या वर्षी तेही संपले. मावशीला साखर होती, ती फार उशिरा कळली, आणि डोळे साखरेने नेले असे मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. दात काढला हे सगळ्यांनी पाहिले होते. साखर कुणी पाहिली नव्हती. शेवटची दोन वर्षे मावशी आमच्या खोलीत होती. आई ओवायला बसली की ती तिच्या शेजारी सरकायची, पूर्ण झालेली पोत बोटांखालून नेत मणी मोजायची आणि विचारायची, "काळेच आहेत ना गो सगळे?" आई दर वेळी हो म्हणायची. रात्री तीच आई दिवा मालवण्याआधी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचत असे. मी ते पांघरुणातून पाहिले आहे.

म्हणून लवंग सापडली त्या सकाळी तिने माझे मनगट घट्ट धरले.

"डॉक्टरकडे ने. येते मी. पण दात काढायचा नाय. तुला माझी शपथ आहे. गळ्याला हात लाव."

मी गळ्याची कातडी चिमटीत धरली. माझे वय तेव्हा पन्नासच्या जवळ होते.

आमच्या घरातल्या शपथांविषयी थोडे सांगायला हवे. आई शपथ सहज घालते. लहानपणी औषधाला, शेवटच्या घासाला, अंधारात मोरीवर एकटी न जाण्याला तिने मला शपथा घातल्या. शपथ मोडली तर जिची घेतली तिचे वाईट होते. पण शपथेला एक दारही असते. जिने ती घातली तिने स्वतःहून "सुटली" म्हटले की माणूस मोकळे होते. चाळीतल्या आम्हा मुलींचा हाच कायदा होता. कुणी रुसली तर शपथ सोडत नसे आणि आम्ही दिवसभर गळ्यावर चिमटा घेऊन तिच्या मागे फिरत असू. आई मात्र दिवेलागणीला देवापुढे उदबत्ती लावताना माझ्या दिवसभराच्या सगळ्या शपथा सोडून टाकायची. त्याशिवाय ती मला झोपू देत नसे. मी मोठी झाले, शिकले, असल्या गोष्टींना हसायला शिकले. तरी आईने घातलेली एकही शपथ मी मोडलेली नाही.

या वेळी शपथ घेणे सोपे होते, कारण मला रूट कॅनल माहीत होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या खालच्या दाढेचे झाले होते. मी तिला समजावले. दाताच्या आत पोकळी असते, तिच्यात नस असते; ती सडते म्हणून कळ येते. डॉक्टर वरून लहानसे छिद्र करतात, आतले खराब झालेले काढतात, धुतात, आणि पोकळी भरून टाकतात. दात जिथल्या तिथे राहतो.

"मूळ?"

"मूळही राहतं."

"डोळ्याकडलं?"

"तेच. तेच तर वाचवतात."

परळला, भोईवाड्याच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक दंतवैद्य बसते. तिशीतली मुलगी, डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली. आई दाराशी वहाणा काढून अनवाणी आत गेली, उपचाराच्या खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग तिच्यावर बसली.

"आजी, आ करा. अजून मोठा. गॅलरीतून शेजारणीला हाक मारता तेवढा."

आईने तेवढा केला. डॉक्टर लहान आरसा आत फिरवत होती. मध्येच थांबली.

"शिवणकाम करता?"

"मणी ओवते."

"तरीच. या सुळ्याला खाच पडलीय. धागा इथेच तोडता ना?"

तिने आईच्या हातात आरसा दिला. दाताच्या टोकाला, दोऱ्याने दगडावर घासून घासून पाडावी तशी, एक बारीक, गुळगुळीत खाच होती. इतक्या वर्षांत ती मी कधी पाहिली नव्हती. आईने तिच्यावरून जीभ फिरवली आणि ओशाळून हसली. "कात्रीने कापला की धाग्याचं टोक पिंजतं गो. मण्यात जात नाय. दाताने कसं, टोक सुईसारखं निघतं."

"म्हणजे अर्ध्या मुंबईच्या नवऱ्या तुमचा उष्टा धागा गळ्यात घालतात?"

"मेणात बुडवते मी टोक! उष्टा म्हणे. तुझं लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग कर लवकर. माझे डोळे आहेत तोवर तुझी पोत ओवून देते."

डॉक्टर हसली, मीही हसले. आई हसली नाही.

सुई टोचून भूल दिली तेव्हा तिने माझी करंगळी पकडली होती. यंत्राची शीळ सुरू झाली. तो आवाज कानाने ऐकू येतो त्याहून अधिक आपल्या हाडांना ऐकू येतो, हे मला माझ्या दाढेमुळे ठाऊक होते. पाण्याचे तुषार आईच्या हनुवटीवर उडत होते आणि दिव्याच्या पांढऱ्या वर्तुळात तिचा चेहरा उन्हातल्या पिठासारखा कोरडा आणि उजळ दिसत होता. मग शीळ थांबली आणि डॉक्टरने ट्रेमधून केसाएवढ्या बारीक, रंगीत मुठीच्या सुया काढल्या. प्रत्येक सुईवर रबराचा एक इवलासा ठिपका होता. पट्टीवर मोजून तो ठिपका ती वर-खाली सरकवत होती, म्हणजे सुई मुळाच्या टोकाशी थांबेल, पलीकडे जाणार नाही. आईने हात वर करून तिला थांबवले आणि एक सुई बघायला मागितली.

भुलीने जड झालेल्या ओठांनी ती म्हणाली, "माझ्या सुईपेक्षा बारीक."

"सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब असतं, आजी. शेवटपर्यंत ओवत न्यावं लागतं. नजर हटली की गेलं."

त्या वाक्याने आई खुर्चीत सैलावली. हे काम तिला कळत होते. त्यानंतर तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या तरुण बोटांवर ते लावून ती निमूट पडून राहिली, जशी दुकानात एखादी अनुभवी बाई नव्या मुलीची गाठ पाहते.

शेवटी डॉक्टरने काचेच्या पट्टीवर पांढरी पूड आणि तेलाचा थेंब घोटून छिद्रावर तात्पुरते सिमेंट बसवले. खोलीत वास पसरला आणि आईने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"लवंग."

"लवंगेचंच तेल असतं यात, आजी."

"ऐकलंस? मग पंधरा दिवस मी काय करत होते?"

पंधरा दिवसांची कबुली अशी मिळाली.

आठवड्याने दुसऱ्या खेपेला पोकळी पुन्हा धुतली, वाळवली आणि तिच्यात गुलाबी रबराची काडी भरली. कळ तर पहिल्याच दिवशी गेली होती. आई भाकरी खाऊ लागली, शेजारणीला दुरून तोंड उघडून आपला दात दाखवू लागली. डॉक्टरने बजावले होते, नस काढलेला दात ठिसूळ होतो, वरून कॅप बसेपर्यंत त्याच्यावर जोर द्यायचा नाही, आणि धागा तर मुळीच तोडायचा नाही. मी दादरहून चिमणीच्या चोचीसारखी टोकदार कात्री आणली, काळ्या फितीत ओवून आईच्या गळ्यात घातली. आई तिच्याकडे खाली बघत म्हणाली, "ह्या वयात आता हे मंगळसूत्र."

कॅपचे माप द्यायला आम्ही पुढच्या सोमवारी जाणार होतो. पण लग्नसराई होती, दुकानातून दिवसातून दोनदा फोन येत होते, आणि आई म्हणाली, "आता दुखत नाय ना? ह्या चार पोती जाऊ देत." माझ्याही पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी डॉक्टरला फोन करून आठवडा पुढे ढकलला. मग आणखी एक. ती चूक एकट्या आईची नव्हती, हे मी इथे लिहून ठेवते. दुखणे थांबले म्हणजे दुखणे संपले, असे आम्ही दोघींनी सोयीने मानले.

धागा आता पूर्वीचा रेशमी राहिलेला नाही. दुकाने नायलॉनचा देतात, तो तुटत नाही म्हणून बायकांना आवडतो. त्या दिवशी मी आईच्या मागे बसून पेपर तपासत होते. मण्यांचा ताल चालू होता. पोत पूर्ण झाली, गाठ बसली, आणि कात्री छातीवर लोंबत असताना आईने धागा सवयीने डावीकडे नेला. वाळलेली शेंग फुटावी तसा एक बारीक आवाज झाला.

"काय झालं?"

"काय नाय. मणी पडला."

मी खाली वाकून मणी शोधलासुद्धा.

दहा दिवसांनी खोलीत पुन्हा लवंगेचा वास आला. मी दारातच थांबले. आईने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी एकाच डोळ्याने. डाव्या गालावरची सूज नाकाच्या कडेने वर चढली होती आणि खालची पापणी फुगून डोळ्याची फक्त एक रेघ उरली होती. तिच्या मांडीवर पंचा होता, पंच्यावर मणी होते, आणि ती उजव्या डोळ्याने ओवायचा प्रयत्न करत होती. धाग्याचे टोक मण्याच्या शेजारून जात होते. एकदा. पुन्हा एकदा.

मुंबईत पन्नास वर्षे काढूनही घाबरल्यावर तिच्या तोंडी गावची बोली येते.

"माका दिसूचा बंद झाला, तर मी काय करू गो?"

टॅक्सीत ती डावा डोळा तळहाताने झाकून बसली होती, जणू तो निसटून पडला असता. डॉक्टरने एक्स-रे काढला, हिरडीत बारीक सळी घालून ती किती खोल जाते ते पाहिले, आईला गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावले.

"मूळ उभं चिरलंय, ताई. वरपासून खालपर्यंत. हा दात ठेवता येणार नाही."

"कॅप घातली तर?"

"तडा गेलेल्या बरणीला झाकण लावून काय होणार? आतून झिरपत राहील."

"पुन्हा रूट कॅनल?"

तिने मान हलवली. मी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. मी काय करते आहे ते तिच्या लक्षात आले असावे, कारण ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मी तिला मावशीची गोष्ट सांगितली. शपथेचीही सांगितली, आणि सांगताना मला वाटले होते तेवढी लाज वाटली नाही. डिलाईल रोडच्या मुलीला गळ्यावरचा चिमटा समजावून सांगावा लागत नव्हता.

"डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी," ती म्हणाली. "दात काढल्याने नजर जात नाही. पण ताई, ही सूज कुठे चाललीय ते तुम्ही बघताय. पू वर सरकतोय. डोळ्याला धोका आहे तो दात ठेवण्यात."

"तिला नाही सांगितलं तर? पुन्हा आतून साफ करायचंय म्हणू. भूल दिलेली असेल. निघून गेल्यावर..."

"सांगितल्याशिवाय मी पक्कड हातात घेणार नाही."

पाच दिवस गोळ्या चालल्या. मी रोज कॉलेज सुटल्यावर प्रभादेवीहून लालबागला जात होते. सूज रोज थोडी उतरत होती. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला, आणि आईने लगेच कॅलेंडर वाचून पाहिले. रोज जिना चढताना आज सांगायचे असे मी ठरवत होते. रोज तिच्यासाठी मऊ भात कालवून, भांडी घासून, न सांगता उतरत होते. खोटे बोलण्याची तयारीही करून पाहिली. वर्गात अवघड ओळीचा अर्थ लावायला मला शब्द कमी पडत नाहीत. इथे एक साधे वाक्य होते, आणि ते माझ्या घशापाशी, नेमके चिमटा घेतला होता त्या जागी, अडून बसले होते.

सहाव्या दिवशी सकाळी आई पुन्हा त्या खुर्चीवर होती. वहाणा दाराशी, पावले एकमेकींना चिकटवलेली. डॉक्टरने स्टूल पुढे ओढले, कागदावर एक सुळा काढला, त्याच्या मधोमध वाकडी रेघ मारली, आणि सगळे सांगितले. नायलॉनचा धागा, तडा, पू, तो कुठे चढतो ते. अर्धवट काही सोडले नाही. आई कागदाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले,

"हिला माहीत होतं?"

"पाच दिवसांपासून," मी म्हणाले.

"आणि गप्प बसलीस."

"तुझी शपथ होती."

आईने उजवा डोळा हाताने झाकला आणि खिडकीतून समोरच्या रस्त्यावर पाहिले. तिचे ओठ हलत होते; ती दुकानाची पाटी वाचत होती. मग डावा झाकला, आणि तीच पाटी पुन्हा वाचली. मग पुन्हा उजवा. घर सोडून जाताना माणूस खोली-खोलीत जाऊन बघते, तसे ती बघत होती. डॉक्टरने घाई केली नाही. हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

पुढचे इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. दात निघाला. लांब मुळाचा, उभ्या चिरेचा, टोकाला खाच असलेला तो दात आईने कापसात गुंडाळून घरी आणला आणि मण्यांच्या डब्यात ठेवला. तिची नजर होती तशी आहे. काही दिवस ती रोज सकाळी बसचे नंबर स्वतःहूनच मोठ्याने वाचायची. आता मुलांनी विचारल्यावाचून वाचत नाही. धागा कात्रीने कापते, पिंजलेल्या टोकाला शिव्या घालते, आणि हसली की डावीकडे एक काळी फट दिसते, एका मण्याएवढी. मावशीचे डोळे कशाने गेले याबद्दल तिचे मत बदलले की नाही, मी विचारलेले नाही.

पण हे सगळे नंतरचे. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला यातले काहीच ठाऊक नव्हते. पाटी वाचून झाली, तिने हात खाली घेतले आणि माझ्याकडे पाहिले. पाहताना तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि थांबली. माझ्याही तेव्हाच लक्षात आले की, मी गळ्याची कातडी दोन बोटांत धरून उभी आहे, आणि बहुधा बराच वेळ. सात वर्षांच्या मुलीसारखी.

आईने हात पुढे केला, माझी बोटे गळ्यापासून एकेक करून सोडवली आणि ती आपल्या मुठीत घेतली. तिचा हात थंड होता. डोळे भ्यालेले होते, दोन्ही, आणि ते तिने माझ्यावरून हलवले नाहीत.

"सुटली," ती म्हणाली.